मला निवडलं, तर मग आधी नको कोणी म्हटलं?

आदरणीय काकू,

सप्रेम सलाम. आमची मुलगी अकरा वर्षांची आहे. ती चौदा महिन्यांची असताना आम्ही तिला दत्तक घेतलं. ही गोष्ट तिच्यापासून कधीच लपवली नाही. "बाकीच्यांना पदरात पडेल ते घ्यावं लागतं, तुला मात्र आम्ही निवडून आणलं," असं लहानपणापासून सांगत आलो आणि तीही ते मिरवायची. मागच्या महिन्यात संडेस्कूलमध्ये बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय होता. देवाने आपल्याला दत्तक घेतलं हे शिकवताना बाईंनी हिला पुढे उभं केलं आणि म्हणाल्या, "हे वचन सगळ्यांत जास्त हिलाच कळेल. हिला कोणी नव्हतं, आणि आता बघा!" मुलांनी टाळ्या वाजवल्या. घरी येताना ती गाडीवर एक शब्द बोलली नाही. रात्री मी भांडी घासत होते, तेव्हा मागे येऊन म्हणाली, "तुम्ही मला निवडलं, तर मग आधी मला नको कोणी म्हटलं? आणि देव सगळं आधीच ठरवतो, तर माझ्या पहिल्या आईने मला सोडावं हेही त्यानेच ठरवलं का?" मला काही सुचेना. मी म्हटलं, देवाची योजना असते. ती म्हणाली, "मग मला अशी योजना नको." तेव्हापासून रात्रीच्या प्रार्थनेला ती डोळे उघडे ठेवून बसते. सासूबाई म्हणतात, पोर उपकार विसरली. फाईलमध्ये एवढंच आहे की पाचव्या दिवशी तिच्या आईने तिला संस्थेत आणून सोपवलं आणि सही केली. हे तिला सांगू का? आणि देवाने दत्तक घेतलं म्हणजे काय, हे आता तिला कोणत्या तोंडाने सांगू?

— एक आई, अहिल्यानगर

प्रिय ताई,

सप्रेम सलाम.

ती डोळे उघडे ठेवून बसते, पण बसते. हे आधी लक्षात घ्या. ज्याच्यावर रागावली आहे त्याच्याचसमोर ती रोज रात्री येते आहे. स्तोत्रसंहितेत अशी माणसं पुष्कळ आहेत. सत्त्याहत्तराव्या स्तोत्रातला माणूस तर देवालाच म्हणतो की तूच माझे डोळे मिटू देत नाहीस. तेव्हा तिला डोळे मिटायला सांगू नका. काही दिवस तुम्हीही उघडे ठेवा आणि तिच्याकडे बघत प्रार्थना करा.

आणि "देवाची योजना असते" हे उत्तर परत घ्या. मनातल्या मनात नको, तिच्यासमोर घ्या. "त्या रात्री मला उत्तर येत नव्हतं म्हणून मी काहीतरी बोलून गेले. तुझा प्रश्न बरोबर होता," असं म्हणा. आईने आपला शब्द मागे घेतला की मुलांच्या ते फार दिवस लक्षात राहतं. हा प्रश्न या घरात विचारता येतो, आणि विचारला म्हणून कोणी रडून-रुसून बसत नाही, एवढं तिला आत्ता कळलं तरी अर्धं काम झालं.

आता 'निवडलं' या शब्दाकडे येते. तुम्ही तो मायेने वापरलात. एके काळी मीही वापरला आहे. पण आपण घरात काय काय निवडतो ते आठवून बघा. मेथी निवडतो, तांदूळ निवडतो. सुपात हात फिरू लागला की एकीकडे घेतलेलं आणि दुसरीकडे काढून टाकलेलं, असे दोन ढीग होतातच. तुमच्या मुलीने एवढंच केलं, तिने दुसऱ्या ढिगाकडे बघितलं. एका हाताने उचललं त्याआधी दुसऱ्या कुठल्यातरी हाताने बाजूला काढलेलं होतं, हे तिला गणितासारखं स्वच्छ दिसलं. अकराव्या-बाराव्या वर्षी हे दिसायला लागतं. तोवर 'निवडलेली' म्हणजे परीकथेतली राजकन्या असते, आणि मग एक दिवस मूल त्या गोष्टीचं मागचं पान उलटून बघतं.

शिवाय, ताई, ते पुरतं खरंही नाही. तुम्ही नोंदणी केली असेल, समाजसेविका घर बघून गेली असेल, मग किती महिने फोन वाजायची वाट बघितली असेल ते तुमचं तुम्हाला ठाऊक. आणि एके दिवशी पोर्टलवर एक फोटो आणि वैद्यकीय अहवाल आला, ४८ तासांत कळवायचं होतं. पाळण्यांच्या रांगेतून फिरून तुम्ही हिला उचललेलं नाही. ही समोर आली आणि तुम्ही हो म्हणालात. मला विचाराल तर हे 'निवडून आणलं' यापेक्षा कितीतरी मोठं आहे. निवड झाली की मूल विचार करतं, माझ्यात काय पाहिलं असेल? आणि जे पाहिलं ते उद्या उरलं नाही तर? 'निवडलेली' या शब्दाला जागायचं म्हणून जन्मभर शहाण्यासारखं वागणारी मुलं मी पाहिली आहेत. ती कधी हट्ट करत नाहीत, आणि आपण त्याचं कौतुक करतो. हो म्हणण्याचा भार मुलावर नसतो, तो सगळा हो म्हणणाऱ्यावर असतो. तिला ही गोष्ट जशी घडली तशी सांगा. फोन कोणाला आला, फोटोत तिने काय घातलं होतं, त्या ४८ तासांत तुम्ही दोघं काय बोललात, रात्री झोप लागली की नाही.

शास्त्रातली निवडही अशीच हो म्हणण्याच्या जातीची आहे. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात मोशे इस्राएल लोकांना सांगतो, तुम्ही संख्येने जास्त होता म्हणून परमेश्वराने तुम्हाला निवडलं नाही, तुम्ही तर सगळ्या राष्ट्रांत थोडे होता. मग का निवडलं? तर त्याचं तुमच्यावर प्रेम होतं म्हणून. आणि प्रेम का होतं, याचं कारण दिलेलंच नाही. अब्राहामाला घर सोडून ये म्हणून बोलावलं तेव्हाही त्याच दमात सांगितलं की तुझ्याद्वारे पृथ्वीवरची सगळी कुळं आशीर्वादित होतील. एकाला हाक मारली ती बाकीच्यांना पोहोचावी म्हणून. देवाच्या सुपात टाकायचा ढीग होत नाही. पुढच्या वेळी तांदूळ निवडायला बसाल तेव्हा तिला शेजारी घ्या. हे सगळं सूप मांडीवर असताना सांगायला सोपं जाईल.

तिचा दुसरा प्रश्न जास्त खोल आहे. देवाने आपल्याला दत्तक घ्यायचं प्रेमाने आधीच नेमलं, असं इफिसकरांसमध्ये लिहिलं आहे. 'आधीच नेमलं' हे जिच्या कानावर पडलं ती विचारणारच की मग सोडणंही नेमलेलं का? या शब्दावरून ख्रिस्ती लोक शतकानुशतकं वाद घालत आले आहेत, आणि तुमचे पाळकसाहेब माझ्याहून वेगळंही सांगतील. मला त्या अध्यायात जे दिसतं ते हे: आधी ठरलं ते घर, आणि त्या घरातली आपली जागा. जखम ठरवली होती असं ते पत्र लिहिणारा पौल तिथे म्हणत नाही, आणि आपणही ते त्याच्या तोंडी घालू नये.

तिला मोशेची गोष्ट पुन्हा वाचून दाखवा. या वेळी टोपलीतल्या बाळाऐवजी आईकडे बघत वाचा. निर्गमच्या दुसऱ्या अध्यायात त्या बाईचं नावही दिलेलं नाही. ती बाळाला तीन महिने लपवते. पुढे लपवणं जमेना तेव्हा लव्हाळ्याची टोपली आणते, पाणी आत शिरू नये म्हणून तिला डांबर आणि राळ चोपडते. ते चोपडताना त्या बाईचे हात कसे चालले असतील, याचा मी पुष्कळदा विचार करते. टोपली ती धारेत लोटत नाही, काठच्या लव्हाळ्यात ठेवते, आणि बाळाची बहीण लांब उभी राहते, बाळाचं काय होतं ते बघायला. आईने हे का केलं? इब्री लोकांचे जन्मलेले मुलगे नदीत टाका, असा मिसरच्या राजाचा, फारोचा हुकूम होता म्हणून. हुकूम कोणाचा हे शास्त्र स्वच्छ सांगतं. मोशे राजवाड्यात वाढायला हवा होता म्हणून देवाने त्याला आईच्या मांडीवरून उचललं, असं तिथे एका शब्दानेही लिहिलेलं नाही. आणि फारोची मुलगी टोपली उघडते तेव्हा बाळ रडत असतं. बायबलमधल्या या दत्तक बाळाची टोपली उघडल्यावर दिसणारी पहिली गोष्ट ही की ते रडत होतं. कोणी त्याला म्हटलं नाही, रडतोस काय, राजवाड्यात चालला आहेस.

म्हणून तिला सांगा: "तुझ्या आईवर कोणत्या फारोचा हुकूम होता ते आपल्याला माहीत नाही. पैसे नसतील. घरच्यांची भीती असेल. एकटी असेल. पण तो हुकूम देवाने काढला नव्हता. तू टोपलीत होतीस तेव्हा देव टोपलीपाशी होता, आणि तुझ्या आईपाशीही होता." यापुढे जाऊन काही समजावू नका. ती गप्प बसली तर बसू द्या.

देवाने दत्तक घेतलं म्हणजे काय, हे सांगण्याआधी मला माझ्या घरातलं थोडं सांगू द्या.

१९९४ मध्ये आम्ही सात महिन्यांचं बाळ घरी आणलं. तेव्हा आपल्यासारख्या ख्रिस्ती नवराबायकोला दत्तक घेण्याचा कायदाच नव्हता. १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यासाठी. आपल्याला, मुसलमानांना आणि पारशांना वाट होती ती १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याची. कोर्टातून जो कागद मिळाला त्यावर मी आई नव्हते, 'पालक' होते, आणि माझं बाळ 'पाल्य'. त्यालाही मुदत होती, मूल सज्ञान होईपर्यंत. बाहेरच्या बाकावर तो माझ्या मांडीवर बसून त्या कागदाचा कोपरा चोखत होता. शिक्का ओला होता. जांभळी शाई त्याच्या ओठाला लागली, ती मी पदराने पुसली. पुढच्याच महिन्यात त्याचा बाप्तिस्मा झाला आणि पाळकसाहेबांनी नेमकं हेच वचन घेतलं, आपण सगळी देवाची दत्तक लेकरं. मी बाकावर बसून रडले. शेजारच्या बायांना वाटलं, आनंदाने रडते आहे. माझ्या मनात होतं, देवाला जे करता येतं ते मला या देशात करता येत नाही.

गलतीकरांस पत्राचा चौथा अध्याय मी त्याआधी अनेकदा वाचला होता, पण कळला तो त्या वर्षी. पौल म्हणतो, वारस लहान असतो तोवर बापाने ठरवलेल्या मुदतीपर्यंत तो पालक आणि कारभारी यांच्या हाताखाली असतो. मग काळाची पूर्णता झाली तेव्हा देवाने आपल्या पुत्राला पाठवलं, आपल्याला दत्तकपण मिळावं म्हणून. 'पालक' आणि 'मुदत', दोन्ही शब्द माझ्या कपाटातल्या फाईलमध्ये होते. मुदत असलेलं नातं म्हणजे काय, हे मला भाष्यकारांकडून शिकायची गरज नव्हती. पौल सांगत होता की देवाने आपल्याला तसं सांभाळायला घेतलेलं नाही.

२०११ च्या उन्हाळ्यात मुलाला अठरा पूर्ण व्हायला दोन महिने उरले होते. जेवताना तो म्हणाला, "मग पुढच्या महिन्यानंतर मी तुमचा कोण?" हसत म्हणाला, पण घास हातातच राहिला होता. माझे यजमान उठले आणि कपाटातून मृत्युपत्र घेऊन आले. पाल्याला पालकाच्या मिळकतीत आपोआप हिस्सा मिळत नाही, म्हणून मूल घरी आलं त्याच आठवड्यात त्यांनी ते करून ठेवलं होतं. वकिलाचे शब्द बाजूला ठेवून त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 'माझा मुलगा आणि वारस'. मुलाने आधी नाव वाचलं, मग खालची तारीख वाचली. ताट बाजूला सारून पुन्हा वाचली. "मला बोलता यायच्या आधीच?" एवढंच म्हणाला.

'आधीच नेमलं' याचा अर्थ मला त्या ताटावर समजला. त्याने काही कमवायच्या किंवा बिघडवायच्या आधी, तो आमच्यावर रुसायला शिकायच्याही आधी, त्याचं नाव लिहून झालं होतं. तुमच्या मुलीला 'आधीच' हा शब्द असा भेटला तर ती त्याला घाबरणार नाही. आणि तिचा कागद आमच्यापेक्षा चांगला आहे. बाल न्याय कायद्यात २००६ मध्ये दुरुस्ती झाली, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की या कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येतं. तिच्या जन्मदाखल्यावर तुमची नावं आई आणि वडील म्हणून आहेत. कुठेही मुदत नाही. तो दाखला तिच्या हातात द्या आणि तिला शोधू द्या, कुठे अठरा वर्षं लिहिलंय का ते.

पौल ज्यांना हे लिहीत होता त्यांच्या डोळ्यांसमोर पाळण्यातलं बाळ येत नसे. रोममध्ये दत्तक जायचा तो बहुधा वाढलेला पुरुष, घराण्याचं नाव आणि मिळकत पुढे चालावी म्हणून. सम्राट क्लौद्याने इ.स. ५० मध्ये नीरोला दत्तक घेतलं. पौलाने रोमकरांस पत्र लिहिलं ते इ.स. ५७ च्या सुमाराला, म्हणजे तेव्हा गादीवर दत्तक मुलगाच बसलेला होता. आपल्याला हे नवं नाही. कागलच्या घाटग्यांचा यशवंत १८८४ मध्ये कोल्हापुरात दत्तक गेला आणि शाहू महाराज झाला. कवळाण्याचा गोपाळ १८७५ मध्ये बडोद्याला गेला आणि सयाजीराव झाला. दत्तक नामंजूर झालं म्हणून झाशीचं राज्य गेलं, हे तर शाळेतलं पोरही सांगेल. या सगळ्यात गरज घेणाऱ्याची असायची. गादी रिकामी होती.

देवाची गादी रिकामी नव्हती. त्याला पुत्र होता. वंश बुडत नव्हता, म्हातारपणी बघायला कोणी हवं होतं असंही नव्हतं. तरी त्याने घेतलं, ते फक्त लेकरासाठी. आणि कोणाला घेतलं? रोमकरांसच्या शेवटच्या अध्यायात पौल ज्यांना सलाम सांगतो त्यांतली कितीतरी नावं त्या काळी गुलामांत सर्रास आढळणारी आहेत. गुलामाला कायद्याच्या दृष्टीने बापच नसे. अशा माणसांना रविवारी एकत्र बसवून हे पत्र वाचून दाखवलं गेलं, की तुम्हाला दासपणाचा आत्मा मिळालेला नाही, दत्तकपणाचा आत्मा मिळाला आहे, आणि पुढच्याच वचनांत, तुम्ही वारस आहात.

म्हणून सांगते, बाईंची चूक झाली ती तुमच्या मुलीला पुढे उभं करण्यात. वचनाप्रमाणे पाहिलं तर त्या वर्गात पोटचं कोणीच नव्हतं. टाळ्या वाजवणारी मुलं, स्वतः बाई, तुम्ही, मी, सासूबाई, पाळकसाहेब, सगळ्यांना घरात घेतलेलं आहे. उभं करायचंच होतं तर अख्खा वर्ग उभा करायचा. तुमच्या मुलीला आवडेल अशी आणखी एक गोष्ट सांगते. मत्तयाने दिलेली येशूची वंशावळ अब्राहामापासून दाविदापर्यंत आणि दाविदापासून योसेफापर्यंत येते, आणि योसेफाचं तर येशूशी रक्ताचं नातं नव्हतं. 'दाविदाचा पुत्र' हे नाव येशूला ज्याच्या घराण्यामुळे मिळालं, त्याने ते मूल आपलं म्हटलं होतं. देवदूत त्याला सांगतो, तू त्याचं नाव येशू ठेव, आणि तो ठेवतो. बारा वर्षांचा येशू मंदिरात हरवून सापडला तेव्हा मरीया त्याला म्हणते, तुझा बाप आणि मी तुला शोधत होतो. 'सावत्र', 'मानलेला' असलं काही ती म्हणत नाही.

आता ती जे म्हणाली त्याबद्दल. "मला अशी योजना नको." तुम्हाला ते ऐकून धक्का बसला असणार. रोमकरांसचा आठवा अध्याय उघडा. दत्तकपणाचा आत्मा मिळाल्यामुळे आपण 'अब्बा, बापा' अशी हाक मारतो, असं तिथे आहे. हा 'अब्बा' शब्द अख्ख्या नव्या करारात तीनच ठिकाणी येतो. दोन ठिकाणी दत्तकपणाच्या सोबत, इथे आणि गलतीकरांसमध्ये. तिसरी जागा मार्काच्या चौदाव्या अध्यायात, वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत, येशूच्या तोंडी. तिथे 'अब्बा' म्हणून तो काय मागतो? हा प्याला माझ्यापासून दूर कर. म्हणजे मला हे नको. तुमची मुलगी त्या रात्री सिंकपाशी उभी राहून जे बोलली, ते देवाच्या लेकरांच्या बोलण्यातलंच आहे. येशूने पुढे "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" म्हटलं हे खरं, पण ते त्याचं त्याने म्हटलं. दुसऱ्याच्या तोंडी ते आपण घालायचं नसतं, लहान मुलाच्या तर मुळीच नाही.

त्याच अध्यायात थोडं पुढे पौल म्हणतो की आपण दत्तकपणाची वाट पाहत आतल्या आत कण्हत आहोत. आठ वचनांपूर्वी तो म्हणाला, मिळालं आहे. इथे म्हणतो, अजून वाट पाहतो आहोत, आणि कण्हतो आहोत. मला या दोन्ही गोष्टी एका पानावर असल्याचा फार आधार वाटतो. माझ्या मुलाला आम्ही मिळालो होतो आणि तरी दर वाढदिवसाला संध्याकाळी तो अर्धा तास एकटा गच्चीवर जाऊन बसायचा. त्याला जन्म देणारी बाई त्या दिवशी कुठे असेल, याचा विचार करायचा. आधी मला ते लागायचं. मग मी वर चहा नेऊन ठेवायला लागले, न बोलता.

फाईलमधलं सांगा. अकरा वर्षांच्या मुलीला ते पेलतं, आणि ते तिचंच आहे. पण जेवढं लिहिलंय तेवढंच सांगा: पाचव्या दिवशी ती स्वतः तुला घेऊन आली, तिने तुला संस्थेतल्या लोकांच्या हातात दिलं, सही केली. का दिलं ते लिहिलेलं नाही, आपल्याला माहीत नाही. मधल्या रिकाम्या जागेत आपली गोष्ट भरू नका. "तिचं तुझ्यावर इतकं प्रेम होतं की तिने तुला दिलं" हे वाक्य चांगल्या चांगल्या घरांत म्हटलं जातं, आणि मुलाला त्यातून कळतं की ज्याचं प्रेम असतं तो सोडतो. प्रेम तर तुमचंही आहे. मग ती रात्री दार लागलंय का बघायला उठेल. कायद्याने सही केल्यावर विचार बदलायला आईला दोन महिने मिळतात, हे तुम्हाला बहुतेक माहीत असेल. ते आपणहून काढू नका, तिला एवढंच ऐकू येईल की साठ दिवसांत ती आली नाही. तिने विचारलं तर मात्र खोटं बोलू नका. तिला पुढे शोध घ्यावासा वाटला तर अठरानंतर ती स्वतः अर्ज करू शकेल, त्याआधी तुमच्याबरोबर. पहिल्या आईने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिची संमती लागते. भेट होईलच असं वचन देऊ नका. आणि ती 'पहिली आई' म्हणते ते तसंच राहू द्या, फार चांगला शब्द शोधलाय तिने.

सासूबाईंशी तुम्ही बोलू नका, त्यांच्या मुलाला बोलू द्या. उपकार म्हटला की फेड आली, आणि फेडत राहतो तो चाकर. घरच्या लेकराला रुसायचा हक्क असतो. एवढंच त्यांनी आईला शांतपणे सांगावं, मुलीच्या माघारी. आणि सासूबाई रविवारी 'अब्बा, बापा' म्हणतात ते कोणत्या नात्याने, हेही हळूच विचारायला हरकत नाही. चिडून विचारू नये. बहुतेक आज्या विचार करून बोलत नाहीत, ऐकलेलं बोलतात.

संडेस्कूलच्या बाईंना एकटं गाठा, चारचौघांत नको. त्यांच्या मनात वाईट नव्हतं आणि हे कोणी सांगितल्याशिवाय त्यांना कळणारही नाही. सांगायच्या दोनच गोष्टी: मुलीची गोष्ट तिला विचारल्याशिवाय कोणाला सांगायची नाही, आणि तो धडा पुन्हा एकदा घ्यायचा, सगळ्या वर्गाला दत्तक धरून. दुसऱ्या वेळी घेतलेला धडा तुमच्या मुलीला ऐकायचा की नाही, ते ती ठरवेल. या रविवारी तिला संडेस्कूलला जायचं नसेल तर तिला मोठ्यांच्या उपासनेला तुमच्या शेजारी बसवा, मागच्या बाकावर, जिथून मधेच उठून बाहेर जाता येतं.

फाईल माळ्यावर असेल तर खाली काढा. तिच्या हाताला येईल अशा कप्प्यात ठेवा आणि कुठे ठेवली ते तिला सांगा. ती काढून बसली तर जवळ जाऊन बसा. पान तुम्ही उलटू नका, ती उलटेल.

तुमची,
काकू